आधी चुकारा विचारा, मग टक्का

“भाऊ, नमस्कार. आम्ही समुद्रपूर तालुक्यातल्या एका लहान गावच्या दहा बाया मिळून बचत गट चालवतो. वायगावची हळद, तिखट, शेवया, कुरड्या, मुगाच्या वड्या विकतो. ऑर्डरी व्हॉट्सॲपवर येतात, नागपूर-पुण्याच्या जास्त. पैसे माझ्या मिस्टरांच्या नंबरवर येतात, कारण सुरुवातीला घरात तोच एक चांगला फोन होता. या दिवाळीत कोणाचे पैसे आले न् कोणाचे राहिले याचा असा घोळ झाला की गटातल्या दोघींचं बोलणं बंद झालं. भाच्यानं आता वेबसाइट बनवून दिली आहे, तो म्हणतो पेमेंट गेटवे घ्या, म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे साइटवरूनच घेता येतील. एक कंपनी २ टक्के सांगते, दुसरी १.९५. तिसऱ्याचा फोन आला, ५ हजार एकदाच भरा, जन्मभर कमिशन नाही. आमची विक्री महिन्याला साठेक हजार, दिवाळीत दीड-दोन लाख. गावात नेटवर्कचा भरवसा नाही, लाइटचा तर नाहीच. कोणता गेटवे घ्यावा? आणि आमच्यासारख्यांनी घ्यावा का?” – हळदवाली ताई, जि. वर्धा

ताई,

तिसऱ्याचा निकाल आधी लावून टाकू. त्याचा फोन पुन्हा आला तर उचलू नका. जन्मभर कमिशन न घेता कोणी पैसे गोळा करून देत नाही, आणि जो पहिल्याच फोनवर ५ हजार मागतो त्याला तुमच्या हळदीशी काही घेणंदेणं नसतं. आपल्याकडच्या ओळखीच्या कंपन्या साध्या खात्यासाठी सुरुवातीला पैसे घेत नाहीत. ५ हजार गेलेच असतील (पत्रात तुम्ही तसं लिहिलं नाही, पण लाजेपायी लोक लिहीत नाहीत), तर १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करा, उशीर करू नका.

आता उरलेल्या दोघांबद्दल. तुमच्या घरी कापूस होत असेल तर हिंगणघाटचं मार्केट तुम्हाला नवं नाही. एक व्यापारी क्विंटलमागे ५० रुपये जास्त बोलतो आणि चुकाऱ्यासाठी, म्हणजे विकलेल्या मालाच्या पैशासाठी, पंधरा दिवस फिरवतो. दुसरा भाव जरा कमी लावतो पण काटा झाला की पैसे हातात. म्हातारे कास्तकार कोणाकडे गाडी नेतात ते तुम्हाला ठाऊक आहे. गेटवे निवडताना तोच हिशेब लावायचा. लोक २ टक्के की १.९५ यावर रात्र जागवतात आणि चुकारा कधी, कोणाच्या नावानं, अडकला तर सोडवणार कोण, हे विचारतच नाहीत.

टक्क्याचा फरक किती तेही एकदा करून बघू, म्हणजे तो डोक्यातून जाईल. ६०,००० वर २ टक्के म्हणजे १,२०० रुपये. त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी, २१६ रुपये. एकूण कटती १,४१६. दुसरीकडे १.९५ टक्क्यांनी १,१७० आणि जीएसटी २१० रुपये ६० पैसे, म्हणजे १,३८० रुपये ६० पैसे. फरक महिन्याला ३५ रुपये ४० पैसे. हिंगणघाटच्या स्टँडवर एक प्लेट आलुबोंडा आणि चहा.

पण टक्क्यातच एक प्रश्न असा लपलेला आहे की तो विचारलाच पाहिजे: यूपीआयवर किती कापता? तुमची नागपूर-पुण्याची गिऱ्हाइकं कार्ड फार काढणार नाहीत, बहुतेक जण फोनपे, गुगल पे असंच काही वापरून यूपीआयनं देतील. सरकारनं १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर दुकानदाराकडून घेतला जाणारा एमडीआर शून्य केला. एमडीआर म्हणजे बँकांनी दुकानदाराकडून कापायचा वाटा. तो शून्य झाला म्हणून गेटवेवाल्याची कटती शून्य झाली असं मात्र नाही. बऱ्याच कंपन्या ‘प्लॅटफॉर्म फी’ या नावानं यूपीआयवरही आपला आकार घेतात, आणि दरपत्रकात मोठ्या अक्षरात ‘२ टक्के’ लिहिलेलं असतं त्यात यूपीआयही धरलेलं असू शकतं. समजा तुमच्या ६०,००० पैकी ४५,००० यूपीआयनं आले आणि त्यावर कटती नसली, तर उरलेल्या १५,००० वर ३०० रुपये आणि जीएसटी ५४, एकूण ३५४. म्हणजे १,४१६ च्या जागी ३५४. महिन्याला हजाराच्या वर वाचले. तेव्हा ‘टक्का किती’ असं मोघम विचारू नका. यूपीआयवर किती, डेबिट कार्डावर किती, क्रेडिट कार्डावर किती, हे तीन आकडे मेलवर लेखी मागा. फोनवर पोरगा गोड बोलतो, पण महिनाअखेरच्या बिलात त्याचं गोड बोलणं छापलेलं नसतं. आणि हा खर्च गिऱ्हाइकाच्या बिलात वेगळा लावत बसू नका. पाकिटाच्या किमतीत दोन-चार रुपये धरा, विषय संपला.

आता चुकारा. पैसे गिऱ्हाइकाच्या खात्यातून निघाले की थेट तुमच्या खात्यात पडत नाहीत, मधे थांबतात. कुठे थांबतात हे महत्त्वाचं आहे. दोन शब्द लोक एकच समजून वापरतात. नुसता ‘पेमेंट गेटवे’ म्हणजे रस्ता, तो फक्त निरोप इकडून तिकडे पोचवतो, पैसे हातात धरत नाही. जो तुमच्यासाठी गिऱ्हाइकाचे पैसे गोळा करतो आणि मग तुम्हाला देतो तो ‘पेमेंट ॲग्रीगेटर’. तुम्हाला हाच लागणार आहे, जाहिरातीत तो स्वतःला गेटवे म्हणवतो एवढंच. रिझर्व्ह बँकेनं १७ मार्च २०२० ला यांच्यासाठी नियम काढले. बँक सोडून इतर कंपन्यांना हा धंदा करायचा तर रिझर्व्ह बँकेची परवानगी लागते. अर्ज करताना कंपनीची स्वतःची नक्त मालमत्ता १५ कोटी हवी आणि पुढे ती २५ कोटींवर न्यावी लागते. सगळ्यात कामाची अट म्हणजे गिऱ्हाइकांचे पैसे कंपनीच्या खर्चाच्या खात्यात ठेवता येत नाहीत, बँकेतल्या वेगळ्या एस्क्रो खात्यातच ठेवावे लागतात. उद्या कंपनीचा धंदा बसला तरी तुमच्या हळदीचे पैसे तिच्या कर्जात जाऊ नयेत म्हणून ही भिंत. परवानगी मिळालेल्यांची यादी रिझर्व्ह बँकेच्या वेबसाइटवर आहे. भाच्याला सांगा, कंपनीचं नाव त्या यादीत शोध. जाहिरातीतलं नाव आणि कंपनीचं नोंदणीचं नाव कधीकधी वेगळं असतं, म्हणून वेबसाइटच्या तळाशी बारीक अक्षरात असलेलं नाव शोधायचं. यादीत नसेल तर १.९५ काय, अर्धा टक्का सांगितला तरी नको.

चुकाऱ्याची मुदत बहुतेक ठिकाणी ‘टी प्लस टू’ अशी सांगतात, म्हणजे व्यवहाराच्या दिवसानंतर कामाचे दोन दिवस. त्यातला ‘कामाचे’ हा शब्द नीट ऐका. शुक्रवारी संध्याकाळी आलेली ऑर्डर शनिवार-रविवार सोडून मंगळवारी खात्यात. मधे सुट्टी आली तर बुधवार. दिवाळीत तर ऑर्डरीही तेव्हाच आणि सुट्ट्याही तेव्हाच. तुमच्या दोन लाखांतले पन्नासेक हजार नेहमी वाटेत असतील असं धरून चाला, आणि मिरची, पाकिटं, कुरिअर यांचे पैसे आधी बाजूला ठेवा. ‘लगेच पैसे’ अशी सोयही मिळते, पण तिला जास्तीची कटती लागते. ती रोजच्या सवयीची करू नका, अडीनडीला ठीक.

यापुढचं जरा लांबण लावून लिहितो, कारण माझे हात यातच पोळले आहेत.

मीही पुलगावकडच्या एका खेड्यातून जवसाची चटणी आणि तिखट विकतो. गेटवे घेतला तेव्हा अर्ज माझ्या नावानं भरला, पॅन माझं, आणि बँक खातं दिलं बायकोच्या नावाचं, कारण त्या खात्याचं पासबुक घरात सापडलं. पहिले आठ-दहा दिवस सगळं सुरळीत. दिवाळीच्या आठवड्यात ऑर्डरी वाढल्या आणि अचानक चुकारा बंद. पैसे गिऱ्हाइकाकडून निघत होते, पडद्यावर दिसत होते, खात्यात मात्र काही नाही. मेल आला, तोही इंग्रजीत, की खातेदाराचं नाव जुळत नाही, कागद द्या. फोन नंबर नव्हता. होती ती चॅटची खिडकी, तिच्यात एक यंत्र ‘मी तुमची कशी मदत करू’ म्हणून विचारायचं आणि मदत सोडून बाकी सगळं करायचं. एकोणीस दिवस लागले. कुटायला येणाऱ्या बायांची मजुरी मी सोसायटीतून उचलून दिली. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण चूक निम्मी माझीच. नाव जुळलं पाहिजे हा नियम बरोबरच आहे, नाहीतर कोणीही कोणाच्या नावानं दुकान मांडेल. पण अडकल्यावर सोडवायला माणूस नव्हता, ती चूक माझी नाही.

म्हणून तुमच्यासाठी पहिला प्रश्न कंपनीचा नाहीच, नावाचा आहे. दुकान कोणाचं? गटाचं. पैसे कोणाच्या खात्यात? तुमच्या मिस्टरांच्या. इथंच गाठ बसली आहे. उद्या प्राप्तिकराचं पत्र आलं तर ते त्यांच्या पॅनवर येईल, आणि दहा जणींच्या हळदीचा जबाब त्यांना द्यावा लागेल. गटाचं बँकेत खातं असेलच, दोघींच्या सह्यांचं. कंपनीला लेखी विचारा की बचत गटाच्या नावानं, गटाच्या खात्यावर तुम्ही नोंदणी करता का, आणि कोणते कागद लागतात. काही कंपन्यांच्या फॉर्ममध्ये मालकी, भागीदारी, कंपनी, ट्रस्ट, सोसायटी एवढेच पर्याय असतात आणि गट कुठल्याच खणात बसत नाही. ‘नाही’ उत्तर आलं तर सध्यापुरता रस्ता असा: गटातल्या एकीच्या नावानं मालकीचा व्यवसाय दाखवायचा. उद्यम नोंदणी करायची, ती सरकारी पोर्टलवर फुकट होते. कोणी तिचे हजार मागत असेल तर देऊ नका. मग त्याच नावानं बँकेत चालू खातं, आणि गटाच्या इतिवृत्तात ठराव: अमुक ताईंच्या नावानं खातं उघडलं, पैसे गटाचे आहेत, दर आठवड्याला गटाच्या खात्यात वळवायचे, हिशेब सचिवानं ठेवायचा. सगळ्यांच्या सह्या. या सोयीत एक काटा आहे तो लपवत नाही: सगळी विक्री त्या ताईंच्या पॅनवर दिसेल. तेव्हा वर्षातून एकदा कर सल्लागाराकडे जाणं आलं. विक्री वाढली की ग्रामसंघाच्या पातळीवर उत्पादक कंपनीचा विचार करा, उमेदच्या (बचत गटांच्या सरकारी अभियानाच्या) तालुका कार्यालयात बसणाऱ्यांना त्याची माहिती असते.

पॅन, आधार, बँकेचं पासबुक, उद्यम, सगळीकडे नावाचं स्पेलिंग एकच आहे का तेही बघा. आपल्याकडे माहेरचं नाव, सासरचं नाव, वडिलांचं नाव, नवऱ्याचं नाव, यात बाईचं नाव चार कागदांवर चार तऱ्हेचं असतं. अर्ज भरण्याआधी हे दुरुस्त करा. दोन खेपा सेतूत घातल्या तरी चालतील, दिवाळीतले एकोणीस दिवस परवडत नाहीत.

अन्नाचा माल आहे म्हणून एफएसएसएआयची नोंदणीही मागतील, ती तुमच्याकडे असेल असं धरतो. वेबसाइटवर काही पानं नसली तर अर्ज तिथंच अडतो: पत्ता आणि फोन, माल किती दिवसांत पोचेल, परत घ्याल का आणि पैसे कसे परत कराल, गिऱ्हाइकाची माहिती कशी जपाल. भाचा दुसऱ्याच्या साइटवरून ही पानं जशीच्या तशी उचलेल. उचलू देऊ नका. मी एका गावातल्या पापडाच्या साइटवर ‘पसंत न पडल्यास तीस दिवसांत न घालता परत करा’ असं वाचलं आहे, कपड्याच्या दुकानातून उचललेलं. तुमच्या कुरड्यांचा चुरा झाला तर काय कराल, ते तुम्हीच दहा जणींनी बसून ठरवा आणि तेच लिहा. राज्याबाहेर, म्हणजे हैदराबाद-रायपूरला माल पाठवायचा असेल तर त्याआधी जीएसटीचं विचारून घ्या. राज्यातल्या राज्यात मालाच्या विक्रीला ४० लाखांपर्यंत नोंदणीची सूट आहे, पण करपात्र माल दुसऱ्या राज्यात गेला की ती सूट धरता येत नाही. दळलेली हळद करपात्र आहे.

नेटवर्कबद्दल तुम्ही घाबरला आहात, तर त्यातली अर्धी भीती आत्ताच काढून टाका. गिऱ्हाईक पुण्यात बसून पैसे देतं तेव्हा तो व्यवहार त्याचा फोन, त्याची बँक आणि गेटवे यांच्यात होतो. तुमची वेबसाइटही तुमच्या घरात नसते, दुसरीकडे कुठल्यातरी मोठ्या यंत्रावर असते. गावात बारा तास लाइट नसली तरी पैसे येतात, ऑर्डर पडते. लाइट आली की तुम्ही बघाल, इतकंच. व्हॉट्सॲपवर तुम्ही स्वतः ‘हो ताई, मिळाले’ म्हणेपर्यंत गिऱ्हाईक ताटकळायचं, ते उलट आता थांबेल.

उरलेली अर्धी भीती खरी आहे, पण ती गिऱ्हाइकाच्या नेटवर्कची. पुण्याहून रेल्वेत बसलेली बाई पैसे देते, पैसे जातात, आणि तेवढ्यात बोगदा येतो. तिच्या फोनवरून तुमच्या साइटला ‘झालं’ हा निरोप येतच नाही. पैसे गेले, ऑर्डर नाही. यावर उपाय असा की गेटवेनं गिऱ्हाइकाच्या फोनच्या भरवशावर न राहता परस्पर तुमच्या साइटला कळवायचं. त्याला ‘वेबहुक’ म्हणतात. लग्नाची पत्रिका पाहुण्याच्या हाती दिली तर तो वाटेत विसरतो, म्हणून आपण वेगळा फोन करतोच ना, तसं. भाच्याला एवढंच विचारा: “वेबहुक लावलास का?” तो “त्याची गरज नाही” म्हणाला तर त्याला हे पान वाचायला द्या. लावला असेल तर त्याच्या समोर बसून तपासून घ्या. दहा रुपयांची एक वस्तू साइटवर टाका. तुमच्या फोनवरून पैसे द्या आणि पैसे गेले की साइटवर परत जायच्या आत फोन बंद करा. ऑर्डर पडली पाहिजे. मग तीच ऑर्डर करताना पैसे द्यायचं बटण घाईघाईत दोनदा दाबा, ऑर्डर एकच पडली पाहिजे. मग ते दहा रुपये परत करून बघा, किती दिवसांत येतात आणि कटती परत मिळते का. माझा अनुभव, मिळत नाही. पैसे परत केले तरी आधी कापलेलं कमिशन बहुतेक ठिकाणी कंपनीकडेच राहतं. म्हणून माल संपला असेल तर साइटवरून तो लगेच काढा, ऑर्डर घेऊन मग ‘सॉरी’ म्हणणं महागात पडतं.

गिऱ्हाइकाचे पैसे कापले गेले आणि तुमच्याकडे पोचलेच नाहीत, असंही होईल. तेव्हा ती बाई तुमच्यावर चिडेल. तिला सांगा की ऑनलाइन खरेदीत असे अडकलेले पैसे व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत, आणि त्याहून उशीर झाला तर बँकेनं दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा २० सप्टेंबर २०१९ चा आदेश आहे. हे सांगितलं की आवाज खाली येतो. तुम्ही मात्र तिला घाबरून स्वतःच्या खिशातून परत पाठवू नका, नाहीतर बँकेकडूनही परत येतील आणि तुमचे गेले ते गेले. ज्या वाटेनं पैसे आले त्याच वाटेनं परत करायचे, गेटवेच्या पडद्यावरचं परतीचं बटण दाबून. “माझ्या दुसऱ्या नंबरवर टाका” म्हणणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा.

पैसे मिळाले का, हेही त्या पडद्यावरच बघायचं. स्क्रीनशॉटवर माल सोडायचा नाही, अगदी नात्यातल्या माणसाचा असला तरी. खोटा स्क्रीनशॉट बनवायला आता पाच मिनिटंही लागत नाहीत. आणि पैसे घ्यायला कधीही पिन लागत नाही. ‘पैसे येण्यासाठी हा कोड स्कॅन करून पिन टाका’ म्हणणारा चोरच. हे गटातल्या दहाही जणींना तोंडपाठ करून द्या.

एक बारीक गोष्ट. गिऱ्हाइकाच्या बँकेच्या निरोपात तुमच्या दुकानाचं काय नाव दिसेल ते विचारा. दुकानाचं नाव एक, खात्याचं दुसरं, पाकिटावरचं तिसरं असलं की महिन्यानं ती बाई हिशेब बघते, नाव ओळखू येत नाही, आणि कार्डाच्या बँकेला सांगते की हा व्यवहार मी केलाच नाही. मग ‘चार्जबॅक’ येतो, पैसे तुमच्याकडून परत मागितले जातात आणि काही दिवसांत पुरावा द्यावा लागतो. पुरावा म्हणजे कुरिअरची किंवा स्पीड पोस्टची पावती आणि माल पोचल्याची नोंद. पावत्या फेकू नका. सचिवताईंच्या फोनमध्ये फोटो काढून ठेवा, ऑर्डरचा नंबर लिहून.

आता, घ्यावा का? महिन्याला वीस ऑर्डरी असत्या तर मी नको म्हटलं असतं. बँकेकडून गटाच्या खात्याचा दुकानदारांसाठीचा क्यूआर मागून घ्या, व्हॉट्सॲपवर पाठवा, वहीत लिहा, झालं. पण साठ हजारांची विक्री म्हणजे सहाशे रुपयांच्या शंभर ऑर्डरी, आणि दिवाळीत तीनशे. वही तिथंच फाटते. तुमच्या गटात बोलणं बंद झालं ते पैशापायी झालं नसेल. कोणी दिले न् कोणी नाही हे कोणालाच ठाऊक नव्हतं, त्यापायी झालं असेल. गेटवेची खरी कमाई ती यादी आहे, जीत प्रत्येक रुपयासमोर ऑर्डरचा नंबर असतो. म्हणून घ्या. पण सगळं एकदम नको. पहिले दोन महिने वेबसाइट बाजूला ठेवा आणि फक्त ‘पेमेंट लिंक’ वापरा. व्हॉट्सॲपवर ऑर्डर आली की तेवढ्या रकमेची लिंक पाठवायची, गिऱ्हाईक ती दाबून पैसे देतं. तुम्हाला यादी वाचायची सवय होईल, भाच्यालाही साइट नीट करायला वेळ मिळेल. दोघींना पडदा बघायची परवानगी द्या, पैसे परत करायचं बटण एकीकडेच ठेवा. आणि साइटची गुप्त चावी, जिला ते ‘सिक्रेट की’ म्हणतात, ती कोणालाही व्हॉट्सॲपवर पाठवायची नाही असं भाच्याला बजावा.

नावं विचाराल. रेझरपे, कॅशफ्री, पेयू, सीसीॲव्हेन्यू ही तुमच्या कानावर येतील ती. भाच्यानं साइट वर्डप्रेसवर बनवली असेल तर या सगळ्यांचे तयार जोड मिळतात, म्हणजे तांत्रिक बाजूनं फार डावंउजवं नाही. त्यातल्या कोणत्याही दोन धरा, रिझर्व्ह बँकेच्या यादीत आहेत का बघा, मग वरचे प्रश्न दोघांनाही एकाच दिवशी मेलवर पाठवा: यूपीआयचा दर, चुकाऱ्याची मुदत, बचत गटाच्या खात्यावर नोंदणी, फोन नंबर. तक्रारीसाठी नेमलेल्या नोडल अधिकाऱ्याची माहिती त्यांच्या साइटवर उघड असली पाहिजे, तीही शोधा. मग शनिवारी दुपारी फोन करा आणि हिंदीत नाहीतर मराठीत विचारा, “माझा चुकारा अडकला तर कोणाशी बोलू?” जो आधी माणसाच्या आवाजात उत्तर देईल तो घ्या. ०.०५ टक्के जास्त लागले तर लागू द्या. वर्षाचे सव्वाचारशे रुपये होतात, मी एकोणीस दिवसांत चॅटच्या खिडकीशी बोलताना याहून जास्तीचा चहा प्यालो आहे.

भाच्याचा मित्र ‘अमेरिकेतून पण ऑर्डरी घेऊ’ म्हणत असेल तर त्याला सध्या थांबवा. परदेशी कार्डाचा दर जास्त, निर्यातीचे कागद वेगळे. आधी पुणे नीट होऊ द्या. आणि पाकिटावर ‘वायगाव हळद’ असं छापत असाल तर भौगोलिक मानांकनाचे अधिकृत वापरकर्ते म्हणून तुमची नोंद आहे का ते कृषी विभागात विचारा. गेटवेशी याचा संबंध नाही, पण साइटवर नाव चढलं की ते सगळ्यांना दिसतं.

मिस्टरांचा नंबर लगेच बंद करू नका. जुनी गिऱ्हाइकं वर्षभर त्यावरच पाठवत राहतील, कितीही सांगितलं तरी. त्यांना एक वही आणून द्या, त्या नंबरवर आलेला प्रत्येक रुपया त्यांनी त्यात लिहायचा आणि रविवारी गटाच्या खात्यात टाकायचा. ते कुरकुरतील. या दिवाळीत तुमचा सगळा घोळ त्यांच्याच फोनवर वाजत होता, झोपेतही, हे त्यांना आठवून द्या. मग ती वही ते स्वतःच जाऊन विकत आणतील.